रुखमिणीच्या नावाची पत्रावळ

अकतीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी सकाळी नऊ वाजताच यादोरावचा स्वयंपाक होऊन गेला होता. भात, कढी, उडदाचे वडे, शेवया, आंब्याचं पन्हं. वडे जरा करपले होते आणि कढीत मीठ टाकलं की नाही ते त्याला आठवत नव्हतं. अडुसष्ट वर्षांच्या आयुष्यात त्याने एवढं कधी रांधलं नव्हतं. रांधणारी गेली होती, आणि आज तिलाच जेवू घालायचं होतं.

रुखमिणीला जाऊन सहा महिने झाले होते. त्यांच्या घराण्यात गेलेल्या माणसाला पहिल्या अकतीला पितरांत मिळवतात. बाई नवऱ्याच्या आधी गेली असेल तर तिच्या नावाने सवाशीण जेवू घालायची. सवाशीण म्हणजे नवरा जिवंत असलेली, दुसऱ्या घरातली बाई. तिचं पोट भरलं की घरच्या माणसाने तीनदा विचारायचं, "पावलं का?" तिने म्हणायचं, "पावलं." तेव्हा कुठे गेलेली बाई आपल्या सासू-आजेसासूच्या पंगतीत जाऊन बसते. हे दुपार कलायच्या आत व्हावं लागतं. नाही झालं तर ती दाराबाहेरच उभी राहते, आत नाही की पुढे नाही, असं यादोरावची आई सांगायची. यादोरावला देवाधर्मातलं फार कळत नव्हतं. पण रुखमिणी दाराबाहेर उभी आहे, हे डोळ्यांसमोर आलं की तो उठून दार उघडून पाहायचा.

गावात असता तर ही चिंता नव्हती. भावकीची चार घरं एका गल्लीत होती. एकाचे पितर जेवले की दुसऱ्याचे, असं पाळीपाळीने चालायचं, आणि कोणाची ना कोणाची सून मोकळी असायचीच. पण ते गाव धरणाच्या पाण्यात गेलं. मोठा भाऊ केवळराम सगळ्या भावकीसोबत पवनीकडच्या नव्या वस्तीत गेला. यादोराव साकोलीला आला, कारण मुलगा सूरज तेव्हा इथे नोकरीला होता. "बाबा, म्हातारपणी माझ्याजवळ राहा," असं तोच म्हणाला होता. घर बांधून आठ महिने झाले नाहीत तोच कंपनीने सूरजला नाशिकला पाठवलं. मग कार्तिकात रुखमिणी तापाने गेली. सूरज न्यायला आला होता. "एक गाव सुटलं, तेवढंच बस झालं मले," असं म्हणून यादोराव गेला नाही. अकतीला सूरजला सुट्टी मिळाली नाही.

आठ दिवसांपूर्वी केवळरामचा फोन आला होता.

"इकडं येऊन मिळव तिले. भावकी इथं हाये."

"दादा, ती या घरातून गेली. तिकडची वाट तिले माहीत तरी हाये का?"

"मंग कर तिथंच! वेगळं राहाची हौस तुलेच होती."

त्या रागात यादोराव शेजारच्या कुंताबाईकडे गेला आणि तिच्या सुनेला, ज्योत्सनाला, जेवायचं आवतन देऊन आला. कुंताबाई लगेच हो म्हणाली. यादोरावला वाटलं, अकतीचं आवतन कशाचं असतं ते काय सांगायचं? पण कुंताबाईच्या घरात गेलेला माणूस तेरवीलाच, तेराव्या दिवशीच, पितरांत मिळवत. तिला वाटलं, एकटा म्हातारा सणासुदीचं कोणाला तरी बोलावतो आहे.

ज्योत्सना साडेदहाला आली. चांगली साडी नेसून, हसत.

"काकाजी, तुमी रांधलं हे सगळं? आमच्या घरच्याईले दाखवा लागते."

ती पाटावर बसली. यादोरावने पळसाच्या पानांची पत्रावळ मांडली, तिच्या कपाळाला कुंकू लावायला करंडा पुढे केला आणि बांगड्या, खण बाजूला ठेवले. ज्योत्सनाची नजर भिंतीजवळच्या फोटोकडे गेली. फोटोसमोर दुसरी पत्रावळ वाढलेली होती. तिचं हसू गेलं.

"काकाजी, हे पितराचं जेवण हाये का?"

"तुह्या काकूचं. पहिली अकती हाये ना तिची."

ती पटकन उठली. पदर पोटावर घेतला. "मले नाही चालत काकाजी. मले... तिसरा चालू हाये. कोणाले सांगतलं नाही अजून."

ती गेली आणि दोन मिनिटांत कुंताबाई दारात उभी राहिली.

"वा रे वा! पोटुशीले मेलेल्या बाईच्या पानावर बसवता?"

"मले माहीत नव्हतं बाई."

"तर तोंड कायले दिलं देवानं? सांगाचं होतं ना, पितर जेवू घालून राहिलो म्हणून!"

"अकतीले दुसरं काय राहाते?"

"तुमच्या गावची रीत तुमच्या गावात. ते तर बुडलं पाण्यात!"

तिला स्वतःलाच ते जास्त झालं असं वाटलं असावं. ती तशीच वळून घरात गेली. तिचा आवाज मात्र सगळ्या गल्लीने ऐकला होता.

यादोराव बाहेर पडला. पहिल्या घरात त्याला सांगितलं, आमचेच पितर जेवायचे आहेत अजून. दुसऱ्या घरातली बाई दार अर्धं लावूनच बोलली. तिसऱ्या घरचा भय्याजी भला माणूस होता. तो म्हणाला, "काका, माह्यी बायको माहेरी गेली, नाहीतर पाठवली असती." आतून कढईत झारा वाजला. दोघांनीही तो ऐकला. यादोराव पायरी उतरला.

साडेअकराला त्याने केवळरामला फोन लावला.

"दादा, चुकलं माह्यं. वहिनीले घेऊन ये."

"आता? अरे, इथून दोन गाड्या बदला लागते. तीन वाजन तिथं पोहोचाले."

"मंग काय करू?"

फोनमध्ये पलीकडच्या पंगतीचा गलका ऐकू येत होता. माणसं हसत होती, कोणी तरी वडे मागत होतं.

"पाह्य बाबा कोणी भेटली तर," केवळराम म्हणाला. त्याचा आवाज बसला होता.

यादोराव दारात येऊन बसला. अंगणातली सावली भिंतीच्या पायाशी आली होती. अर्धा-पाऊण तास उरला असेल. तेवढ्यात रस्त्यावरून हाक आली, "आंबेऽ घ्या, गावरान आंबेऽ." चाळिशीची बाई, डोक्यावर टोपली, कपाळाला कुंकू. यादोराव धावलाच.

"बाई, जेवतेस का?"

ती दोन पावलं मागे सरली. "काय म्हणता?"

त्याने सगळं सांगितलं, उलटसुलट. तिने ऐकून घेतलं.

"मी शकुन. तलावावरची, मासोळ्यावाली. आज कोणी मासोळ्या घेत नाही म्हणून आंबे घेऊन फिरतो. चालन का तुमाले मी पानावर बसलेली?"

"चालते. चाल लवकर."

"थांबा. अजून येक हाये." तिने टोपली खाली ठेवली. "माहा माणूस पाच वर्षं झाली मिरची तोडाले गेला तेलंगणात. बाकीचे आले, तो नाही आला. हाये का नाही, मलेच माहीत नाही."

यादोरावने सावलीकडे पाहिलं, मग तिच्या कपाळाकडे.

"कुंकू तर लावतेस."

"लावतो. पुसू कायच्या आधारावर?"

"मंग बस माय. पाया पडतो तुह्या, बस."

शकुन जेवली. सकाळपासून पोटात काही नसलेल्या माणसासारखी जेवली. भात दोनदा मागितला. कढीत मीठ नाही म्हणाली आणि तरी ओरपली. करपलेले वडेसुद्धा ठेवले नाहीत. यादोराव वाढत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तो पुसतही नव्हता. पत्रावळीवर एक शीत उरलं नाही, तेव्हा तो हात जोडून समोर बसला.

"पावलं का?"

"पोट भरलं काकाजी."

"तसं नाही. पावलं म्हणाचं."

तिने बोटं पानाच्या कडेला पुसली.

"पावलं का?"

"नाही म्हणता येत मले." ती हळू बोलली. "जेवाचं जेवलो, भूक होती. पण तो मेला असन तर तुमच्या बाईच्या पानावर बिनकुंकवाची बाई जेवली. वरून पावलं म्हणू? तुमच्या बाईले फसवल्यासारखं होते ते."

"अवो, येक शब्द हाये. कोण पाहाते?"

"तुमी एवढं रांधलं, ते कोण पाहाते म्हणून रांधलं का?"

यादोराव तिच्या पायांकडे वाकला. तिने पाय मागे घेतले, उठली, हात धुतले. खण-बांगड्यांना हात लावला नाही.

"येक करतो. तो आला, नाहीतर जिता हाये असं समजलं, तर याच दारात येऊन म्हणन. तवा पावलं समजा."

तिने टोपली उचलली आणि निघाली. अंगणात सावली भिंतीच्या पलीकडे सरकली होती, दुपार कलली होती. यादोराव ती रिकामी पत्रावळ उचलायला वाकला. तिसऱ्यांदा विचारायचं राहिलं होतं. मग तो तसाच उठला आणि अनवाणी रस्त्यावर आला. डांबर पोळत होतं.

"अवो बाई! थांब! कोणत्या गावाले गेला होता तो? ठेकेदार कोण होता?"

शकुन वळली. "काहून?"

"नाव सांग त्याचं."

"बाबुलाल."

"खूण सांग काही."

"डाव्या हाताचं येक बोट नाही त्याले. पण तुमाले काय कराचं काकाजी? कोण लागते तो तुमचा?"

यादोराव तिच्याजवळ पोहोचला होता. त्याला धाप लागली होती.

"मले पाह्यजे तो," तो म्हणाला. "जिता पाह्यजे."