घाई नाही म्हणाल्या होत्या

मी फोन बोलतोय. हसू नका. आजवर माझ्यातून दुसरेच बोलत आले. आज माझी पाळी.

मी वकीलबाईंच्या ऑफिसातला, टेबलावरचा फोन. ऑफिस दोन खोल्यांचं. आत बाई बसतात, बाहेर कारकून आणि मी. कारकुनाला सगळे तारीखकाका म्हणतात, कारण कुणाच्या दाव्याची तारीख कधी, हे ते वही न उघडता सांगतात. बावीस वर्षं मला त्यांनीच उचललं. माझा रंग त्यांच्या हाताने उडाला, त्यांचा डावा कान माझ्यामुळे बसला. फिट्टंफाट.

वकिलाला फोन करणारी माणसं कायद्याचं विचारतात, असं तुम्हाला वाटेल. पुष्कळ जण आधी रडतात, मग नाव सांगतात. ते सगळं माझ्यातून जातं. दमायला होतं हो.

बाईही दमल्या होत्या. दिवसभर कोर्ट, संध्याकाळी मसुदे, आणि प्रिंटरमध्ये कागद अडकला तर तोही त्यांनीच ओढायचा. एकदा कोर्टात उभ्या उभ्या त्यांना भोवळ आली. दुसऱ्या दिवशी त्यांची मुलगी तडक ऑफिसात आली.

"आई, सगळं तूच कशाला करतेस? कामं बाहेर दे."

"कुठली देऊ?"

"तुझ्याशिवाय होतात ती सगळी."

कागद पुढे ओढून दोघींनी यादी केली. टायपिंगवर खूण झाली. जुने निकाल शोधण्यावर झाली. 'फोन घेणे' यापाशी बाईंचं पेन जरा अडलं, मग तिथेही खूण झाली. काका समोरच फायलींना दोरे बांधत होते. त्यांना कुणी विचारलं नाही, आणि त्यांनीही मान वर केली नाही.

त्या सोमवारपासून माझे फोन परस्पर एका कंपनीकडे वळायला लागले. मी अर्धवट खणखणायचो आणि गप्प व्हायचो, पण ऐकू मला सगळं यायचं. तिथल्या मुली गोड बोलायच्या, निरोप लिहून घ्यायच्या, संध्याकाळी बाईंना यादी पाठवायच्या. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. काकाही दुपारी खुर्चीतच डुलकी काढायला लागले.

तिसऱ्या आठवड्यात शिवणकाम करणाऱ्या एका ताईंनी फोन लावला. नवऱ्याशी त्यांचा मुलीच्या ताब्यावरून दावा चालू होता. निकाल लागेपर्यंत मुलगी आईकडेच राहील, असा कोर्टाचा हुकूम होता. तरी त्या दिवशी नवरा तिला शाळेतूनच घेऊन गेला.

"मुलीबद्दल बाईंशी बोलायचं होतं," ताई म्हणाल्या. अनोळखी आवाज ऐकून त्या बिचकल्या. घरचं परक्यापुढे कसं सांगायचं? "बाई कामात असतील तर असू दे. घाई नाही."

पलीकडच्या मुलीने शब्दन् शब्द लिहून घेतला. तिचं तरी काय चुकलं?

यादीत तो निरोप अकरावा होता. बाईंनी दुसऱ्या दिवशी दुपारी ताईंना फोन केला, तोवर नवरा मुलीला घेऊन गाव सोडून गेला होता. तिला परत आणायला एकोणीस दिवस लागले. नंतर ताई तिला घेऊन ऑफिसात आल्या, तेव्हा ती आईचं बोट सोडायला तयार नव्हती.

त्या गेल्यावर बाई काकांसमोर येऊन बसल्या.

"काका, तुम्ही फोन घेतला असता तर?"

"कळलं असतं."

"कशावरून? घाई नाही, असंच त्या तुम्हालाही म्हणाल्या असत्या."

"म्हणाल्या असत्या. पण एरवी त्या आधी माझे गुडघे कसे आहेत ते विचारतात. त्या दिवशी विचारलं नसतं."

"मला वाटलं, फोन घेणं म्हणजे निरोप लिहिणं," बाई म्हणाल्या. "तुम्हाला विचारायला हवं होतं."

"टायपिंग दिलंत ते झकास केलंत. मी दोन बोटांनी बडवत बसायचो," काका म्हणाले. "आणि आता विचारताच आहात, तर कोर्टातल्या रांगा द्या बाहेर. कागद दाखल करायला कुणीही उभं राहील. माझ्याच्याने होत नाही."

यादी पुन्हा निघाली. रांगा बाहेर गेल्या, मी परत कामावर आलो.

त्याला वर्ष होत आलं. आता माझं तीनचं बटण दोनदा दाबावं लागतं, वायर पिळून आखूड झालीय, मधूनच मी खरखरतो. काकांना आणखी कमी ऐकू येतं. उन्हाळा संपला की थांबणार, असं त्यांनी सांगून टाकलंय.

"मग फोन कोण घेणार?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही. आत्तापासून रोज सकाळी तासभर घेत जा. कान तयार होतो."

म्हणून हल्ली सकाळी बाई काकांच्या खुर्चीत बसतात. हात अजून घाईचाच आहे, मला धाडकन ठेवतात. पण काल एका माणसाने फोन लावला आणि तो काही बोलेचना. नुसता श्वास ऐकू येत होता. कोर्टाची वेळ होत आली होती. बाई "बोला, बोला" म्हणाल्या नाहीत. हातातलं पेन खाली ठेवून त्या ऐकत राहिल्या. मीही जमेल तेवढी खरखर आवरून धरली.

"बाई," शेवटी पलीकडून आवाज आला, "पहिल्यापासून सांगू का?"

"सांगा," बाई म्हणाल्या.