अभ्र्याचे टाके

अकरावीच्या वर्गाला मी निबंधाचा विषय दिला होता, ‘घरातलं गेलेलं माणूस’. माझ्या वडिलांना, अप्पांना, जाऊन तेव्हा सव्वा महिना झाला होता; दुसरा विषय मला सुचला नाही. मोबाइलमधल्या यंत्राकडून कुणी लिहून घेऊ नये म्हणून निबंध हातानं लिहायला सांगितले. पोरांनी यंत्राचे निबंध हातानं उतरवून आणले.

उपप्राचार्य सुदर्शन सरांनी अशांची यादी चार वाजेपर्यंत मागितली होती. यादीतल्यांना अंतर्गत परीक्षेत शून्य. अकरा नावं सहज झाली. बारावं जन्नतचं लिहावं की नाही, ते कळेना. छावणी भागात शिंपीकाम करणाऱ्या आजोबांवरचा तिचा निबंध वाचून मी स्टाफरूममध्ये रडले होते.

तिला बोलावलं.

“खरं सांग, तू लिहिलंस?”

“मी बोलले, मॅडम. आमच्या दखनीत. मोबाइलनं मराठी केलं. माझ्या मराठीला पोरी हसतात ना.”

“काय बोललीस? तसंच सांग.”

तिनं दाराकडं पाहिलं. “दादाजान आखिर में इत्ताच बोले, ‘कौन सिया गे ये गिलाफ? तू? टाँके देख, मुर्गी चली सरीका!’”

उशीचा अभ्रा तिनंच शिवला होता. मला हसू आलं. तिलाही.

“हे निबंधात कुठंय?”

“मोबाइलनं काढलं. मलाबी बरंच वाटलं. मरताना कुणी टाके बघतं का?”

“आणि त्यांनी थरथरता हात तुझ्या डोक्यावर ठेवला, ते?”

“ते नाय झालं. ते त्यानंच घातलं.”

नेमक्या त्या वाक्यापाशी मी रडले होते. वाचताना अप्पांचा हात माझ्या डोक्यावर होता, वजनासकट. व्हरांड्यात जाऊन मी धाकट्या भावाला, सोमनाथला, फोन लावला.

“शेवटी अप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला होता ना रे?”

“ताई, हात बांधलेले होते त्यांचे. सलाईन ओढत होते म्हणून. तूच तर सिस्टरशी भांडलीस, पट्टी सैल करा म्हणून.” मग म्हणाला, “जेवलीस का तू?”

भांडण मला आठवत होतं. हातही आठवत होता.

आत जन्नत कोरा कागद घेऊन बसली होती.

“अभ्र्याचं लिही,” मी म्हणाले. “मराठी जमेल तसं.”

“आणि हाताचं काढू?”

“झालं नव्हतं ना?”

“नाय. पण तुम्ही तिथंच लाल पेनानं ‘सुंदर’ लिहिलंय.”

काढ, असं म्हणायला मी तोंड उघडलं. मग ते ‘सुंदर’च पुन्हा वाचत बसले. ती वाट बघत राहिली.

चारला सुदर्शन सर आले. यादी हातात घेऊन म्हणाले, “अकराच? आणि ही छावणीची?”

“तिचा निबंध उद्या देते.”

“म्हणजे तिनं लिहिलाय की नाही?”

“अजून नाही.”

“मग हा पहिला कुणाचा?”

तो निबंध मी माझ्या पर्समध्ये ठेवला.