नसीमची पहिली सांज

हेमंतातली सांज उतरत होती. कृष्णाकाठच्या हळदीच्या रानांवर सुवर्णपीत, मंदमंद, मावळता प्रकाश रेंगाळला होता. त्या प्रकाशातून चौदा वर्षांचा अच्युत सायकलवरून आला आणि वाटेत उभ्या असलेल्या बैलगाडीवर सरळ आदळला. ही गाडी इथं कधी आली, असं त्यानं विचारलं. दहा वर्षांच्या कुमुदिनीला आधी हसू आलं. मग दादाचे ते विशाल, निर्मळ, समोरचं काहीच न टिपणारे डोळे दिसले, आणि हसू ओठांतच विझलं.

ती सांज अच्युतच्या डोळ्यांत मुक्कामाला आली. वर्षागणिक दाटत गेली, कडांकडून आत आत सरकत राहिली. पस्तिशीत शेवटचा कवडसाही मिटला. मिरजेत तंबोऱ्यांच्या कारखान्यात तो बोटांनी अन् कानांनी तारांची जवारी काढू लागला, त्यांचा नाद घुमता करू लागला. धाकटी बहीण केव्हाच दृष्टिपटलाच्या संशोधनाला लागली होती.

दोष केवढासा! एका जनुकातलं एक अक्षर चुकलेलं. पण निर्दोष जनुक नेत्राच्या त्या नाजूक, अतिनाजूक तळाशी न्यायचं कसं? कुमुदिनीनं एका विषाणूचं सारं विष काढून घेतलं आणि त्याच्या रित्या कुशीत ते जनुक ठेवलं. ते पेशींपर्यंत पोचेना. पोचलं तर टिकेना. वर्षं गेली. केसांत रुपेरी रेषा आल्या. सव्वीस वर्षांनी, एका सकाळी, पिंजऱ्यातल्या आंधळ्या उंदरांनी प्रकाशाकडे माना वळवल्या.

त्याच आठवड्यात दादाच्या डोळ्यांचा अहवाल तिच्या हाती आला. औषध निद्रिस्त पेशींना जागवू शकत होतं. त्याच्या पेशी तर केव्हाच विझून गेल्या होत्या. तिनं तो कागद खणात ठेवला. घरी काही बोलली नाही. तीन वर्षं बोलली नाही.

माणसांत पहिलं औषध मिळालं ते जतच्या नसीमला. एकोणीस वर्षांची ही मुलगी अच्युतसारख्याच दोषानं जन्माची रातांधळी; दिवस कलला की उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नसे. सहा आठवड्यांनी ती तपासणीला आली, त्या दिवशी अच्युतही हट्टानं आला आणि इस्पितळाच्या व्हरांड्यात बसून राहिला. कुमुदिनी त्याच्या शेजारी बसली.

"दादा, हे औषध तुझ्या डोळ्यांना..."

"ठाऊक आहे, कुमू. तू माझ्याशी प्रयोगांचं बोलेनाशी झालीस ना, तेव्हाच कळलं." त्यानं चाचपत तिचा हात हातात घेतला. "तरी थांबली नाहीस, हे फार चांगलं केलंस."

ती रडली, निःशब्द, निःसंकोच, लहानपणीसारखी.

सूर्य बुडाला. आकाश जांभळं, मग धूसर, मग निळंसावळं झालं. दार उघडून नसीम बाहेर आली, एकटीच. ती थबकली. अंगणातल्या बकुळीचं पान न् पान अंधुकातून तिच्याकडे येत होतं. कितीतरी वेळ ती नुसती पाहत राहिली. मग अच्युतपाशी येऊन तिनं त्याचा हात आपल्या खांद्यावर ठेवला.

"चला काका. पुढं तीन पायऱ्या आहेत. मला दिसतायत."

एक, ती म्हणाली. दोन. तीन. आणि दाटत्या, मायाळू, नीलश्यामल अंधारात ती दोघं बकुळीखालून हळूहळू, हळूहळू चालत गेली.