ऑइल जातं कुठं?

ट्रक ऑइल खात होता, आणि खाल्लेलं ऑइल जातं कुठं हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

"गळत असेल," असं कुणी म्हटलं की ट्रकवाला ट्रक पुढं घ्यायचा आणि खालची कोरडी जमीन दाखवायचा. "जळत असेल," असं कुणी म्हटलं की त्याला सायलेन्सरपाशी उभं करून रेस द्यायचा. डोळे चोळत बघितलं तरी निळा धूर काही दिसायचा नाही. मग तो माणूस ट्रकचं वय विचारायचा आणि "म्हातारपण, दुसरं काय!" म्हणून चालू लागायचा. ट्रकवाल्याला सगळ्यात जास्त राग या वाक्याचा यायचा. म्हातारी माणसं औषध खातात, पण डबे रिकामे करत नाहीत.

सीटच्या मागं ऑइलचा कॅन कायमचा राहायला आला होता. प्रत्येक मुक्कामी बॉनेट उघडायचं, ऑइलची पट्टी काढायची, पुसायची, परत घालायची, काढायची आणि कपाळाला हात लावायचा. बाकीचे ड्रायव्हर चहा पीत ही पूजा बघत बसायचे. "डिझेल थोडं कमी घाल, ऑइलवरच चालते तुझी गाडी," असं एकानं म्हटलं तेव्हा ट्रकवाला आठवडाभर त्याच्याशी बोलला नाही.

आता म्हणाल, एवढा वैताग होता तर चांगला मिस्त्री गाठायचा. तिथंच तर गाडी अडली होती. अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य, अशी म्हण आहे. इथं वैद्य मेहुणा होता. बायकोचा धाकटा भाऊ. त्याचं स्वतःचं गॅरेज होतं आणि सगळी ट्रकलाइन त्याला 'सर्जन' म्हणायची, कारण कुठलीही तक्रार घेऊन जा, तो आधी पोट फाडायचा. हॉर्न वाजत नाही म्हणून आलेल्या माणसाचा गिअरबॉक्स त्यानं उतरवला होता म्हणे. हे त्याचे शत्रू सांगायचे, पण ट्रकवाल्याला ते खरं वाटायचं.

"दाजी, जाड ऑइल टाकू," मेहुणा पहिल्यांदा म्हणाला. टाकलं. सकाळी स्टार्टर कण्हायला लागला आणि ऑइल जायचं तसंच जात राहिलं.

"मग वॉल्वची सीलं गेलीत. हेड उघडू." उघडलं. सीलं बदलली. ऑइल जातच राहिलं.

"दाजी, आता शंकाच नको. पिस्टनच्या रिंगा."

"पण धूर कुठंय?"

"काही गाड्या धूर दाखवत नाहीत."

"म्हणजे लाजाळू आहेत का?"

घरी बायको म्हणाली, "अहो, तो एवढा जीव तोडून करतोय, आणि तुम्ही टोमणे मारताय." झालं. इंजिन खाली उतरलं. ट्रक गॅरेजात आडवा पडला आणि ट्रकवाला घरात. नव्या रिंगा पडल्या, इंजिन चढलं, मेहुण्यानं हात पुसत "आता नव्यासारखी पळेल" असं जाहीर केलं. पहिल्याच फेरीत ट्रकवाल्यानं पट्टी काढली आणि रस्त्याच्या कडेला बॉनेटवर डोकं टेकून उभा राहिला. ऑइल पुन्हा खालच्या खुणेला पोचलं होतं.

त्यानंतर त्यानं ती चूक केली, जी कुठल्याही नवऱ्यानं करू नये. तो गुपचूप शहराच्या दुसऱ्या टोकाच्या गॅरेजात गेला. तिथल्या फिटरनं बॉनेटमध्ये नजर टाकली आणि "हे कुणी उघडलं होतं?" असं तोंड वाकडं करून विचारलं. ट्रकवाल्याला आधी बरं वाटलं. मग फिटर म्हणाला, "लायनर बदलावे लागतील. इंजिन पुन्हा उतरवू." ट्रकवाला तिथून निघाला, पण गॅरेजांच्या भिंतींना कान नसतात, फोन असतात. तो घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती.

"माझ्या भावावर विश्वास नव्हता, तर तोंडावर सांगायचं," बायको म्हणाली.

"तोंडावर सांगितलं तर तू बोलतेस. मागं गेलो तरी तू बोलतेस. मी करू काय, ट्रक खाऊ?"

मेहुण्यानं बोलणं टाकलं. फोन उचलेना. ट्रकवाला कॅन घेऊन फिरत राहिला. त्यात ब्रेकही जरा चिकटल्यासारखे वाटायला लागले होते, पाय काढला तरी चाक क्षणभर धरून ठेवायचे. पण एका दुखण्यानंच माणूस इतका कावलेला होता की दुसऱ्याकडं त्यानं काणाडोळा केला.

बायकोचा वैताग वेगळाच होता. एका लॉजच्या चादरी ती धुवून इस्त्री करून द्यायची. घर अंगणाच्या टोकाला, अंगणात ट्रक, आणि ट्रक अन् भिंत यांच्यामध्ये वाळत घालायची दोरी. गेले काही महिने चादरींवर बारीक पिवळट ठिपके यायला लागले होते. लॉजचा मॅनेजर गठ्ठे परत पाठवायचा आणि वर, "बाई, धुतल्यात की मळवल्यात?" असं विचारायचा. तिनं साबण बदलला, पाणी गाळून घेतलं, बादली बदलली. शेवटी संशय नवऱ्यावर आला. गठ्ठे पोचवायला तोच तर न्यायचा.

"हात पुसता तुम्ही चादरींना."

"मी? माझ्या हाताला आता ऑइल लागायला इंजिनात उरतंय कुठं?"

एका सकाळी निघायच्या आधी तो ब्रेकला लागणारी हवा टाकीत भरायला ट्रक चालू ठेवून केबिनमध्ये बसला होता. ती चादर पिळून दोन्ही हातांनी झटकून समोर धरत होती. तेवढ्यात टाकी भरली आणि जास्तीची हवा सोडणाऱ्या वॉल्वनं नेहमीसारखं 'फस्स' केलं. तिच्या मनगटावर काहीतरी गार फवारल्यासारखं झालं. तिनं खाली बघितलं. पांढऱ्या शुभ्र चादरीच्या काठावर ताजे, ओले, पिवळट ठिपके.

"बंद करा!" ती ओरडली. "बंद करा आणि खाली या!"

"आता काय केलं मी?" तो दार आपटत उतरला.

तिनं ठिपका बोटावर घेतला, चोळला, वास घेतला आणि ते बोट त्याच्या नाकाखाली धरलं. "हे तुमचं ऑइल आहे."

"अगं, ती हवा आहे. हवेत ऑइल कसं..." तो बोलता बोलता थांबला. मग ट्रकखाली वाकून वॉल्वच्या तोंडावरून बोट फिरवलं. बोट काळं झालं. तिथली चॅसीही ओलसर होती, धूळ बसून बसून तिच्यावर जाड थर चढला होता. रोज तो इंजिनाखाली बघायचा. इथं कशाला बघेल?

"तुझ्या भावाला फोन लाव," तो म्हणाला. "माझा उचलत नाही."

मेहुणा आला, पण तोंड फुगवूनच. दाजींकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. "ताई, यांना विचार, हवेच्या टाकीत साठणारं पाणी शेवटचं कधी सोडलं होतं?"

"सांग त्याला," ट्रकवाला म्हणाला, "टाकीखालचा नळ त्याच्याच गॅरेजात कुणीतरी असा आवळलाय की माझ्यानं फिरत नाही. दोनदा सांगितलं होतं. तेव्हा साहेब रिंगा काढत होते."

"दोघं लहान आहात का?" बायको म्हणाली. "मी काय पोस्टमन आहे? पाना घ्या आणि फिरवा."

मेहुणा ट्रकखाली सरपटत गेला. पाना अडकवून जोर लावला. नळ किरकिरला, सुटला, आणि जिथून नुसतं पाणी यायला हवं होतं, तिथून दुधाच्या कॉफीसारखं घट्ट काहीतरी भसाभस बाहेर आलं. ते संपेना. मेहुणा बाहेर आला तेव्हा त्याचा अर्धा शर्ट त्या रंगाचा झाला होता आणि चेहऱ्यावरचा रुसवा साफ गेला होता.

"दाजी," तो थेट म्हणाला, "ब्रेक चिकटतात का?"

"चिकटतात."

"आणि तुम्ही लोड घेऊन उतारावर जाता? ऑइलनं आतली रबरं फुगलीत. एखाद्या दिवशी..." बायकोनं हातातली चादर खाली ठेवली.

मग त्यानं हवा भरणाऱ्या कंप्रेसरचा पाइप सोडवला, पाइपच्या तोंडापुढं पुठ्ठा धरला आणि इंजिन चालू करायला लावलं. पुठ्ठा बघता बघता तेलकट झाला. कंप्रेसरला वंगण म्हणून इंजिनाचंच ऑइल मिळतं. तिथल्या रिंगा झिजल्या होत्या आणि ऑइल परत इंजिनात नेणारी नळी काजळीनं जवळजवळ बुजली होती. परत जायला वाट नाही म्हटल्यावर ऑइल हवेबरोबर टाकीत निघालं होतं.

"म्हणजे रिंगाच होत्या," मेहुणा पुटपुटला.

"हो. दुसऱ्याच्या," ट्रकवाला म्हणाला. "चोर सोडून संन्याशाला फाशी. माझं धडधाकट इंजिन तू..."

"अहो," बायको म्हणाली. त्यानं तो तेलकट पुठ्ठा उचलून लांब भिरकावला.

कंप्रेसर खाली आला. यावेळी मेहुण्यानं तेवढाच खाली आणला, बाकी कशाला हात लावला नाही. नव्या रिंगा, साफ केलेली नळी, धुतलेल्या टाक्या, ब्रेकची नवी रबरं. टाकीखालचा नळ त्यानं बदलला आणि दाजींकडून स्वतः फिरवून घेतला. मग न बोलवता पहिल्या फेरीला शेजारच्या सीटवर येऊन बसला.

भरलेल्या गाडीनं चढ चढला, लांबलचक उतारही उतरला. पाय काढताच चाकं मोकळी होत होती. माल उतरवल्यावर ट्रकवाल्यानं पट्टी काढली, पुसली, बुडवली आणि न बघताच मेहुण्याच्या हातात दिली.

"बघ तूच."

मेहुण्यानं ती उन्हात धरली. उलटी करून बघितली. पुन्हा पुसून, पुन्हा बुडवून बघितली. "निघालो तेवढंच आहे."

ट्रकवाल्यानं एक मोठा श्वास सोडला. इतके महिने त्याला वाटत होतं, या क्षणी आपण नाचू. प्रत्यक्षात त्याला फक्त झोप आली.

"दाजी," मेहुणा पट्टी जागेवर बसवत म्हणाला, "इंजिन उगाच उघडलं मी."

"हं."

"एवढंच? बोला की काहीतरी. शिव्या द्या."

"शिव्या खूप साठल्यात," ट्रकवाला म्हणाला. "पण दिल्या तर त्या तू ताईला सांगणार, आणि ती मला ऐकवणार. त्यापेक्षा तू रिकाम्या ट्रकात मागं बस. परत जाईपर्यंत मला एकट्याला जोरजोरात बोलायचंय."

मेहुणा मागं बसला नाही, पुढंच बसला. ट्रकवाल्यानं गिअर टाकला आणि त्या गावची हद्द संपेपर्यंत जाड ऑइलपासून सुरुवात करून एकेक गोष्ट काढली. मेहुणा खिडकीबाहेर बघत सगळं ऐकून घेत होता. मध्ये एकदाच तो म्हणाला, "सीलं मात्र खरंच खराब होती," आणि ट्रकवाल्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.