रेशमाच्या तारांची आंघोळ

मी शहाजी. आखातात, अबू हमूरला वेन मॅडमची गाडी चालवतो. आजवर स्वतःला लई शहाणा समजायचो.

मॅडमचे वडील वेनबाबा. चीनमध्ये साठ वर्षं त्यांनी वाद्याच्या तारा वळल्या. लांबुडकं लाकडी वाद्य, त्याला सात तारा, अन् त्या लोखंडाच्या नाहीत बरं का, रेशमाच्या! रेशीम पिळायचं, पदर चिकटून राहावेत म्हणून सरसात शिजवायचं, ताणून वाळवायचं. यंदा इथं लेकीकडं राहायला आले, तर दुखण्यानं गाठलं. तरी थरथरत्या हातांनी सात तारा वळल्या, वाद्यावर चढवल्या अन् तसेच दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी हात टेकले. बाबांचं एकच मागणं, ह्या तारा एकदा वाजताना ऐकू द्या.

मॅडमचा दवाखान्यातून फोन आला, "शहाजी, वाद्य घेऊन ये."

नेमका दसरा होता. आमच्याकडं हत्यार धुतल्याबिगर पुजत नाहीत. गाडी धुतली, नटबोल्टचे पाने धुतले. म्हटलं, हे पण बाबांचं हत्यारच की! ओल्या फडक्यानं एकेक तार घासूनपुसून लख्ख केली. खालच्या लाकडाला हळदकुंकू लावलं. देवा, म्हाताऱ्याला पोटभर ऐकू दे, म्हणून हात जोडले.

मॅडमनी वाद्य बाबांच्या पलंगाजवळ टेबलावर ठेवलं, खुंट्या पिळल्या. पहिली तार नुसती घरघरली. दुसरीचे पदर सुटायला लागले. तिसरी ताणली अन् तुटली. अन् मला माझं ओलं फडकं आठवलं. पाणी! सरस पाण्यानं विरघळला होता.

बाबांनी तुटकं टोक बोटांत धरून चाचपलं. हळूच काहीतरी बोलले. मॅडमनी डोळे पुसत मला सांगितलं, "म्हणतायत, सरस कच्चा राहिला. माझे हात गेले."

अरे बोल की मुडद्या! पण नोकरी डोळ्यांपुढं आली, व्हिसा आला. बाबा माझ्याकडं वळून मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "सॉरी, शहाजी. उन्हात तुला उगाच त्रास."

"नो प्रॉब्लेम, बाबा," मी म्हणालो. एवढंच म्हणालो!

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा गेले. साठ वर्षांत ज्यांचा हात कधी चुकला नाही, ते माणूस आपला हात चुकला असं समजून गेलं.