नमुन्याचा डबा

बन्सीने डबा काउंटरवर आपटला तसे झाकण उडाले आणि तळाशी उरलेले तेल काचेवरून ओघळत स्पार्क प्लगच्या खोक्यांपर्यंत गेले.

"हे तुमच्याच दुकानातलं ना? नाय म्हणू नका. शिक्का हाय डब्यावर."

रुक्सारने खुंटीवरचे फडके काढले आणि खोकी बाजूला सारून सावकाश काच पुसली. चिडलेल्या गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवले की त्याची निम्मी हवा जाते, हे ती औरंगपुऱ्यातल्या या गल्लीत बसून शिकली होती. आणखीही बरेच शिकली होती. बाईमाणूस गल्ल्यावर दिसले की लोक भाव पाडून मागतात, उगाच गप्पा मारत थांबतात, अन् जाताना 'घरात कुणी गडीमाणूस नाही का' म्हणून विचारतात. त्यावर तिने एकच उपाय केला होता. जिभेला धार लावून ठेवली होती. गल्लीतले मेकॅनिक तिला घाबरत आणि तिला त्याचा अभिमान होता.

"काय झालं ते बोला. आवाज कमी करून बोला."

"काय झालं? मरता मरता वाचलो, ते झालं!" बन्सीचा आवाज उलट चढला. तो पडेगावचा, विहिरीतल्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा धंदा. "खुलताबादच्या घाटात गाडी. मागं मोटार बांधलेली. इंजिन नुसतं बोंबलतंय अन् गाडी पुढं जायना. जायना काय, मागं यायला लागली! मागून ट्रक. मी पाय टेकवून धरली तर मोटारीच्या वजनानं आडवी झाली. ट्रकवाल्यानं ब्रेक मारला म्हणून इथं उभा हाय."

तो रागाने तर बोलतच होता, पण रागाच्या खाली भीती होती, घाटातून घरापर्यंत आणि घरातून दुकानापर्यंत सोबत आलेली. ती दुसऱ्या कुणाच्या तरी पदरात टाकल्याशिवाय त्याला बरे वाटणार नव्हते.

रुक्सारने डबा फिरवून त्यावरची अक्षरे वाचली. वाचायची गरज नव्हती, रंगावरूनच कळले होते. चारचाकीचे तेल. चारचाकीला ते अमृत, पण मोटरसायकलच्या क्लचच्या प्लेटा इंजिनच्याच तेलात बुडालेल्या असतात. या तेलाने त्या बुळबुळीत होतात, एकमेकींना धरत नाहीत आणि सुटतात. मग इंजिन कितीही ओरडो, चाकाला त्याचा पत्ता नसतो.

दुकानाच्या मागच्या बाजूला स्टुलावर बसलेल्या मोईनने मोबाइल खाली केला.

"क्या हुआ आपा?"

"कुछ नहीं. तू बैठ."

मोईन तिचा धाकटा भाऊ. अब्बांचे गुडघे गेल्यापासून गल्ल्यावर रुक्सार बसत होती आणि ती बसल्यापासून मोईनच्या पोटात दुखत होते. त्याला ही जागा एका मोबाइलवाल्याला भाड्याने द्यायची होती. घरात जेवताना तोच विषय, ताटे उचलतानाही तोच. शेवटी अब्बांनी वैतागून निकाल दिला होता. दुकानाच्या चुकीने भलते तेल गेले म्हणून कुणी दारात येत नाही तोवर दुकानाची किल्ली रुक्सारकडे. ज्या दिवशी येईल, त्या दिवशी मोईनकडे. अब्बांना वाटले, झाले, वाद मिटला. तेव्हापासून मोईन सवड काढून दुकानात येऊन बसे आणि कुणीतरी येण्याची वाट बघे.

तिने बन्सीच्या खांद्यावरून पायरीकडे पाहिले. त्याची बायको तिथे उभी होती. संध्या. याच गल्लीच्या टोकाला चष्म्याच्या दुकानात कामाला होती, येता-जाता दिसायची. परवा तिचे काम सुटल्यावर तीच आली होती. पिशवीतून रिकामा डबा काढून तिने काउंटरवर ठेवला होता आणि म्हणाली होती, "असंच द्या."

निम्मी गिऱ्हाइके असेच करतात. घरातला रिकामा डबा नमुना म्हणून आणायचा आणि तसाच दुसरा न्यायचा. गोळ्यांची रिकामी पट्टी औषधवाल्याला दाखवतात तसे. अब्बांना ते मुळीच चालत नसे. नमुना कसलाही असो, गाडी कोणती हे विचारल्याशिवाय ते फळीवरच्या डब्याला हात लावत नसत. परवा रुक्सारने विचारले नव्हते. ती फोनवर होती आणि फोनवर मोईन होता. मोबाइलवाला किती भाडे देतो, ते तो तिला पुन्हा एकदा समजावत होता.

आणि संध्याने विचारले होते. हेच रुक्सारला आता गिळता येईना. डबा पिशवीत टाकता टाकता तिने विचारले होते, "मोटरसायकलला चालतं ना ताई हे?" रुक्सारने फोन कानावरून न काढता, तिच्याकडे न बघता म्हटले होते, "चालतं चालतं. न्या."

"बोला की!" बन्सीने काउंटरवर थाप मारली. "चुकीचं तेल दिलं का नाय?"

मोईन स्टुलावरून उठून उभा राहिला. अजून पुढे आला नव्हता, पण उठला होता.

"तेल चारचाकीचं आहे," रुक्सार म्हणाली. "पण नमुना तुमच्या घरून आला होता. रिकामा डबा आणून ठेवला, असंच द्या म्हणाल्या. जो मागितला तो दिला. कुणाच्या घरात काय गाडी आहे, ते मला स्वप्नात दिसत नाही."

यात एक अक्षर खोटे नव्हते. ती नेहमीच्या ठसक्यात बोलली आणि स्वतःच्याच ठसक्यामुळे तिला धीर आला. बन्सी वळला.

"कोणता डबा आणला व्हता तू?"

"पत्र्याखालचा," संध्या म्हणाली.

"पत्र्याखालचा! अगं, तो दादाच्या जीपचा डबा! माझा डबा मोरीवर ठेवलेला असतो, रोज बघते ना? रोज! डोळे कुठं असतात तुझे? लोकायला चष्मे विकती अन् घरातलं दिसंना."

पलीकडच्या सायकलवाल्याच्या दुकानातून कुणीतरी मान बाहेर काढून पाहिले. मोईन पुन्हा स्टुलावर बसला, मोबाइलमध्ये डोके घातले. त्याची निराशा रुक्सारला न बघताही कळली, आणि आनंद व्हायला हवा होता तितका झाला नाही.

"एक काम सांगितलं तर असं. उद्यापासून बंद दुकान-बिकान. घरात बस. फोन दे इकडं. तुझ्या मालकाला आत्ता सांगतो."

"कामाचं काय त्यात?" संध्या म्हणाली. एवढेच.

"फोन दे म्हणलं ना."

तिने फोन दिला. देताना तिने रुक्सारकडे पाहिले. त्या नजरेत विनवणी नव्हती, तक्रारही नव्हती. काट्यावर माल ठेवल्यावर काटा कुठे थांबतो ते बघावे, तशी ती बघत होती.

रुक्सारला तिचाच राग आला. बोल ना बाई! तोंड आहे ना तुला? मी विचारलं होतं, म्हण. मग मी म्हणेन, मला नाही आठवत. मग तू म्हण, आठवतंय. भांड माझ्याशी. भांडणात मी कुणाला हार जात नाही. पण संध्या भांडत नव्हती आणि न भांडणाऱ्या माणसासमोर रुक्सारची सगळी हत्यारे फळीवर पडून होती. काच केव्हाच कोरडी झाली होती, तरी ती फडके फिरवत राहिली. मनात म्हणाली, नवराबायकोचे भांडण आहे, आज ना उद्या झालेच असते. मनात म्हणाली, मला काय. आणि तिला स्वतःची किळस आली.

बन्सीने फोन कानाला लावला. पलीकडे वाजत असल्याचे ऐकू येत होते.

"ठेवा तो फोन," रुक्सार म्हणाली.

"तुमचं काय आता मधी?"

"ठेवा म्हणते ना! त्यांनी विचारलं होतं मला. मोटरसायकलला चालतं का, म्हणून. मी हो म्हटलं. न बघता म्हटलं. चूक दुकानाची आहे. माझी."

बन्सीने फोन कानावरून काढला. त्यातून कुणीतरी 'हॅलो, हॅलो' म्हणत होते. त्याने तो बंद केला आणि दोघींकडे आळीपाळीने बघितले. आपल्याला यांनी मिळून फसवले, असाच त्याचा चेहरा झाला होता.

"मघाशी तर येगळंच बोलत व्हत्या."

"मघाशी अर्धं सांगितलं."

मोईन आता पुढे आला होता. त्याला घाई नव्हती. "आपा, फिरसे बोलो," तो म्हणाला. "मैंने बराबर सुना नहीं."

"बराबर सुना तूने."

"हौ. सुना." त्याने तळहात पुढे केला. "अब्बा को तू बतायेगी के मैं?"

"मैं बताऊँगी."

तिने कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला. दुकानाची किल्ली कड्यातून लवकर निघेना. नखाने कडे फाकवावे लागले. ती निघेपर्यंत मोईन हात तसाच धरून उभा राहिला. लहानपणी ईदीसाठीही तो असाच हात धरून उभा राहायचा. तिने किल्ली त्याच्या हातावर ठेवली नाही, काउंटरवर ठेवली. त्याला ती वाकून उचलावी लागली.

मग तिने वरच्या फळीवरून मोटरसायकलचे तेल काढले. बन्सीला गाडीचे नाव विचारले, साल विचारले, गाडीच्या पुस्तकात लिहिलेला ग्रेड त्याला डब्यावर बोटाने दाखवला.

"हे घ्या, दुकानातर्फे. आधीचं सगळं काढा, थेंब ठेवू नका. मग हे टाका. तरी घसरली तर प्लेटा खराब झाल्यात समजा. त्या इथून न्या. पैसे पडणार नाहीत."

"किसके दुकानसे?" मोईनने विचारले.

"अब्बाके."

बन्सीने डबा उचलून उलटसुलट करून पाहिला. घाटातली भीती टाकायला त्याला हवी ती जागा अखेर मिळाली नव्हती, ती त्याच्याच अंगावर राहिली होती. "बाया दुकान चालवणार अन् आम्ही घाटात मरणार," असे काहीतरी तो पुटपुटला, फोन संध्याच्या हातात कोंबला आणि गाडी ढकलत गल्लीच्या तोंडाकडे निघाला. कामाचे तो पुन्हा बोलला नाही. संध्याने लगेच त्याच फोनवरून मालकाला सांगितले, चुकून लागला होता, उद्या वेळेवर येते.

पण ती गेली नाही. पायरी चढून काउंटरपाशी आली. रुक्सार आता काउंटरच्या अलीकडे, गिऱ्हाइके उभी राहतात तिथे उभी होती. ही आभार मानायला आली, असे तिला वाटले. ओठांवर 'असू दे' तयारही झाले. किल्ली गेल्याचे दुःख होतेच, पण एवढे एक तरी पदरात पडावे, असे तिला वाटत होते.

"परवा तुम्ही ऐकलं नव्हतं," संध्या म्हणाली. "ते मला तेव्हाच कळलं होतं."

ओठांवरचे 'असू दे' रुक्सारने गिळले.

"कळलं होतं, तर परत विचारायचं ना!" तिचा आवाज सवयीने चढलाच. "तिथंच उभं राहून विचारायचं. दहा वेळा विचारायचं. मी काय खाल्लं असतं तुम्हाला?"

संध्याने फोन पिशवीत टाकला, पिशवीची चेन लावली.

"विचारणार होते. मग तुमचं तोंड बघितलं अन् म्हटलं, जाऊ दे. घरी पण मी असंच करते," ती म्हणाली आणि पायरी उतरली.