थांबायला जागा

अकोल्याच्या एका जिनिंग कारखान्यात तानुबाई वरच्या मजल्याच्या काठावरून पडली. पंचवीस फूट खाली, सरकी काढलेल्या रुईच्या ढिगावर. उठली, लुगडं झटकलं आणि आपली टोपली शोधू लागली. दुसऱ्या दिवसापासून बाया तिच्या पाया पडू लागल्या. सासू मनकर्णाबाईनं देवीपुढं नारळ फोडला.

आठवड्यानं नागपूरहून गोवर्धन बारलिंगे नावाचा इंजिनियर आला. दुसरं महायुद्ध चालू होतं. विमान पडलं तर आतली माणसं कशी वाचवावीत, हे शोधायचं काम त्याच्याकडं होतं. म्हणून उंचावरून पडून जगलेली माणसं तो गाठत हिंडायचा.

“आधी काय टेकलं? पाठ की पाय?”

“मले काय मालूम? डोये मिटले होते.”

तिच्या वजनाचं वाळूचं पोतं त्यानं वरून सोडलं. रुईत पडलेला खड्डा काठीनं मोजला. तीन फूट. मग वाळूनं भरलेलं मडकं तसंच सोडलं. ते शाबूत राहिलं. तेच मडकं त्यानं कमरेच्या उंचीवरून फरशीवर टाकलं. त्याचे तुकडे झाले.

“नुसती उंची मारत नाही, बाई. थांबायला जागा लागते. तुम्हाला ती रुईनं दिली.”

तानुबाई तुकड्यांकडं बघत राहिली. नऊ वर्षांपूर्वी तिचा नवरा सहदेव चांदूर बाजारात उभ्या बैलगाडीवरून पडला होता. उंची जेमतेम छातीएवढी. डोकं दगडावर आपटलं आणि तो गेला. वेळ भरली होती, असं सगळे म्हणाले. तिनंही तेच धरून ठेवलं होतं.

“साहेब, दगडाच्या जागी कडबा असता तं?”

“कदाचित...” तिचा चेहरा पाहून तो अडखळला. “नक्की नाही सांगता येत.”

“मंग तुमी काय मोजून राह्यले?”

त्यानं हातातली काठी खाली ठेवली.

घरी सासूनं विचारलं, “काय म्हने साहेब?”

“म्हने, रुई दबली म्हनून मी वाचली.”

“अन् माहा सहदेव? त्याची वेळ भरली नोती का मंग?”

“मले समजून नाही राह्यलं, आत्याबाई.”

दुसऱ्या दिवशी खालचा ढीग उचललेला होता. सोबत काम करणारी आशाबाई टोपली घेऊन वरच्या काठाशी उभी होती. तानुबाईनं तिचा दंड धरून तिला आत ओढलं.

“काहून वं?”

तानुबाईनं खालच्या उघड्या फरशीकडं बोट दाखवलं. दुपारपर्यंत तिनं कोणालाच काठाशी जाऊ दिलं नाही. मुकादम ओरडला, चिडला, आणि काम अडलेलं बघून शेवटी त्यानंच तिथं एक आडवी लाकडी बल्ली बांधून घेतली.